ड्रोनने औषधाचं पार्सल पाठवायचंय? आधी परतीचा हिशोब करा

ड्रोन बाहेर काढला की जमलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हा किती किलो उचलतो. पाच किलो म्हटलं की सगळे खूश. पण मी गेली काही वर्षं डोंगरी भागात पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि पाड्यांच्या मधे लस, गोळ्या, रक्ताचे सॅम्पल असं नेणारे ड्रोन उडवतोय आणि नवीन आलेल्या पोरांना मी आधी दोनच गोष्टी विचारायला सांगतो, परत येताना बॅटरी किती उरणार आणि मधेच पडला तर कुणाच्या डोक्यावर पडणार. या दोन्हीची उत्तरं जमिनीवर उभं असतानाच मिळाली पाहिजेत, वर गेल्यावर शोधत बसायला वेळ मिळत नाही.

आपल्याकडे हे काम आता नवीन राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मधे मणिपूरला बिष्णुपूरहून लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर लस गेली, रस्त्याने २६ किलोमीटर आणि हवेतून १५. त्याच वर्षी डिसेंबरमधे आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला लसीचे ३०० डोस ड्रोनने पोचले. मे २०२२ मधे कच्छमधे टपाल खात्याने पार्सल पाठवलं. या बातम्यांचे व्हिडिओ बघून वाटतं की नकाशावर बोट ठेवलं, बटण दाबलं, झालं काम. व्हिडिओत त्याआधीचे आठ-दहा दिवस दिसत नाहीत, आणि मी जे सांगणार आहे ते सगळं त्याच आठ-दहा दिवसांत करायचं असतं.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळता येत नाही. ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मधे आले आणि पुढे बदलत गेले. त्यात वजनाप्रमाणे वर्ग आहेत, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० मिडियम आणि त्यावर लार्ज. वजन धरायचं ते पार्सल आणि बॅटरी सगळं धरून, नुसत्या सांगाड्याचं नाही. पार्सलवाले आपण सगळे साधारण स्मॉल वर्गात येतो, म्हणजे ड्रोनला नोंदणी नंबर हवा, त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (मॉडेल तपासून पास केल्याचं) हवं, थर्ड पार्टी विमा हवा आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं. सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यता असलेल्या संस्थेतलं ट्रेनिंग. ते दहा वर्षं चालतं.

कुठे उडवता येतं त्याचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर बघायचा. ग्रीन झोनमधे जमिनीपासून ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते. यलो झोनला एटीसीची (विमानांची वाहतूक सांभाळणारा कक्ष) परवानगी आणि रेड झोनला केंद्र सरकारची. पण माणसं चुकतात ती यात नाही, तात्पुरत्या रेड झोनमधे चुकतात. एखादा दौरा असेल, यात्रा असेल, बंदोबस्त असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस ९६ तासांपर्यंत एखादा भाग रेड करू शकतात, म्हणून नकाशा महिन्यातून एकदा बघून भागत नाही, उडायच्या दिवशी सकाळी बघायचा आणि शिवाय पोलीस ठाण्यात एक फोन करायचा. फोनचा दुसरा फायदा म्हणजे कुणी "वर काहीतरी फिरतंय" म्हणून तक्रार केली तर त्यांना आधीच माहीत असतं.

आणि एक, पार्सल पोचवणं म्हणजे बहुतेक वेळा ड्रोन नजरेआड जाणार. नजरेआडच्या उड्डाणाची परवानगी वेगळी असते, ती हातात नसेल तर ड्रोन दिसतोय तेवढ्याच अंतरात काम करा, नदीच्या या काठावरून त्या काठावर असं. तेवढ्यातही खूप उपयोगाचं काम होतं. पावसात पूल पाण्याखाली गेला की तीनशे मीटर अंतरसुद्धा पलीकडच्या माणसाला फार असतं.

उंची, जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

सपाट माळावर शिकलेला पायलट सह्याद्रीत आला की पहिली चूक इथे करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्क्रीनवर जी उंची दिसते ती बहुतेक वेळा ड्रोन जिथून उडाला तिथपासूनची असते, त्याच्या खाली आत्ता जी जमीन आहे तिथपासूनची नाही. समजा पीएचसी खाली दरीत आहे आणि पाडा पठारावर, २५० मीटर वर. तुम्ही मिशनमधे (ड्रोनला आधी भरून दिलेल्या वाटेत) १०० मीटर टाकलंत तर ड्रोन पाड्याच्या १५० मीटर खाली डोंगराच्या अंगात घुसणार. बरं मग सरळ ३१० टाकलं तर पाड्यावरून ६० मीटरने मस्त जाईल, पण सुरुवातीला दरीवरून जाताना तो जमिनीपासून ३१० मीटरवर असेल, म्हणजे नियमाच्या कितीतरी वर, आणि त्या उंचीला हेलिकॉप्टर येऊ शकतं. माणूस बसलेल्या विमानाला वाट देणं हे आपलंच काम, त्यांना आपला ड्रोन दिसत नाही. म्हणून वेपॉइंट, म्हणजे वाटेवरचे ठरवलेले टप्पे, जिन्यासारखे लावायचे, जमीन चढते तसे आपण चढायचं, प्रत्येक वेपॉइंटखालची जमीन किती उंचीवर आहे ते तपासून. सॉफ्टवेअरमधे जमिनीचा डेटा असतो तो वापरा, पण त्यात झाडं धड नसतात आणि तारा तर नसतातच.

आता याच्यापेक्षा महत्त्वाचं, आरटीएच म्हणजे रिटर्न टू होम. रिमोटची ड्रोनशी लिंक तुटली की ड्रोन आपोआप घरी, म्हणजे उडाला त्या जागी, यायला निघतो, आणि तो सरळ रेषेत येतो, तुम्ही काळजीपूर्वक वळणं घेऊन आखलेल्या वाटेने येईलच असं नाही. आम्ही एकदा आदल्या दिवशी मोकळ्या माळावर टेस्ट घेतली होती आणि आरटीएच ५० मीटरवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नवीन जागी गेलो, मधे एक टेकडी, पलीकडे पाडा, आणि ते सेटिंग बदलायचं माझ्याकडून राहून गेलं. टेकडीमागे उतरताना लिंक गेली, ड्रोन थोडा वर चढला आणि घराकडे म्हणजे थेट टेकडीच्या तोंडावर निघाला. टेकडीवर आमचा एक मुलगा बघायला उभा होता, त्याने फोनवर ओरडून सांगितलं, तेवढ्यात एक-दोन सेकंद लिंक परत आली, मी ड्रोन थांबवला आणि वर काढला. सागाच्या शेंड्यापासून फार तर दहा-बारा मीटर राहिले होते. त्या दिवसापासून आमचा नियम आहे की आरटीएचची उंची रोज नव्याने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्या माणसाने ती ऐकून वहीत लिहायची. मधला सगळ्यात उंच बिंदू, त्यावरचं झाड किंवा टॉवर, वर कमीत कमी ३० मीटर. हा आकडा रोज वेगळा येतो कारण उडायची जागा रोज वेगळी असते. आणि हा आकडा घेतल्यावर दरीवरून येताना १२० मीटरची मर्यादा ओलांडली जाणार असेल तर ती गोष्ट परवानगी मागतानाच कागदावर आली पाहिजे, नाहीतर उडायची जागाच बदला, टेकडी मधे येणार नाही अशी.

तारांबद्दल. दरीच्या या कड्यावर एक मनोरा, त्या कड्यावर दुसरा, आणि मधे तारा दरीच्या तळापासून शंभर मीटर वर लोंबत असतात. कॅमेऱ्यात त्या दिसत नाहीत, उन्हात तर डोळ्यालाही दिसत नाहीत. वाट आखण्याआधी पायी किंवा बाइकवरून एकदा सगळी वाट फिरून या, मनोरे नकाशावर टिपा आणि लाइन ओलांडायचीच असेल तर मनोऱ्याच्या डोक्यावरून ओलांडा, दोन मनोऱ्यांच्या मधून नाही. मनोरा दिसतो, त्याची उंची काढता येते, आणि तिथे तार त्याच्यावर नसते.

वाट फिरताना खाली काय आहे तेही बघायचं. ६० मीटरवरून सुटलेली वस्तू साडेतीन सेकंदात जमिनीवर येते, हवेचा अडथळा सोडला तर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने. दहा किलोचा ड्रोन या वेगाने माणसावर पडला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. शिवाय तो सेकंदाला १५ मीटरने पुढे जात असेल तर पडता पडता ५० मीटर पुढे जाऊन पडतो, म्हणजे शाळेच्या अगदी वरून नाही पण शाळेच्या जरा अलीकडून जातोय म्हणून निर्धास्त राहू नका. वाट ओढ्याच्या कडेने, पडीक जमिनीवरून, शेतांवरून काढा, दोन किलोमीटर जास्त झाली तरी चालेल. आणि वार बघा. सोमवारी मोकळा असलेला माळ गुरुवारी आठवडी बाजाराने भरलेला असतो. आमच्याकडे बाजाराच्या दिवसाची वाट वेगळी सेव्ह केलेली आहे. संक्रांतीच्या आसपास पतंग असतील तिथे उडवूच नका, मांजा प्रॉपमधे (ड्रोनच्या पंख्यात) गुंडाळला की मोटर जागच्या जागी बंद पडते.

वारा

या भागासाठी मी थोडं गणित करणार आहे, कंटाळू नका, कारण मी बघितलेले बरेचसे हरवलेले ड्रोन वाऱ्याच्या हिशोबात हरवलेत.

समजा तुमचा ड्रोन हवेत सेकंदाला १२ मीटरने जातो आणि पाडा १० किलोमीटरवर आहे. वारा नसेल तर जायला साधारण १४ मिनिटं, यायला १४, झाले २८. आता सेकंदाला ८ मीटर वारा आहे आणि तो जाताना पाठीमागून आहे. ड्रोन २० मीटरच्या वेगाने उडत जातो, सव्वाआठ मिनिटांत पाड्यावर, सगळे टाळ्या वाजवतात, बॅटरी बघितली तर नेहमीपेक्षा जास्त शिल्लक. मग परत फिरतो आणि आता जमिनीवर त्याचा वेग उरतो सेकंदाला ४ मीटर. तेच १० किलोमीटर यायला पावणेबेचाळीस मिनिटं लागतात. एकूण ५०. पाठीमागचा वारा जाताना जेवढा देतो त्याच्या कितीतरी पट परतीला काढून घेतो, जाणं आणि येणं मिळून हिशोब सरासरीने मिटत नाही. म्हणून मला सुरुवातीला समोरून येणारा वारा आवडतो, अवघड अर्धं काम बॅटरी भरलेली असताना होतं आणि झेपत नाहीये असं दिसलं तर फिरलं की वाराच घरी आणून सोडतो.

पाठवारा असताना जायचंच असेल तर पाड्यावर उतरवून बॅटरी बदलायची सोय करा, तिथल्या माणसाला ते शिकवा आणि एक भरलेला सेट तिथे ठेवा. नाहीतर ड्रोन तिथेच मुक्कामाला राहू द्या, वारा पडला की आणा. काही बिघडत नाही.

वारा मोजायचा कुठे, तर तुम्ही उभे आहात तिथे झाडाचं पानही हलत नसेल आणि १०० मीटर वर धो धो वाहत असेल. छोटं हातातलं वारामापक घ्याच, पण त्याचा आकडा जमिनीवरचा आहे हे लक्षात ठेवा. आम्ही पार्सल न लावता ड्रोन सरळ वर नेतो, कामाच्या उंचीवर दोन मिनिटं एका जागी थांबवतो आणि तो जागेवर राहायला किती तिरका होतोय ते बघतो. कड्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे वारा डोंगर ओलांडून जिथे खाली येतो तिथे, हवा गोल फिरते आणि ड्रोनला खाली दाबते. तिथे कड्याच्या जवळून जाऊ नका, बाहेरून लांबून जा. दुपारी ऊन तापल्यावर माळावर भोवरे उठतात, म्हणून शक्यतो सकाळची वेळ धरा, पण हिवाळ्यात फार सकाळी दरीत धुकं असतं आणि गार बॅटरीचा व्होल्टेज लोड आल्यावर धपकन खाली येतो. आम्ही थंडीत बॅटऱ्या गाडीत आत, गोधडीत ठेवतो आणि ड्रोन मिनिटभर कमी उंचीवर उभा ठेवूनच पुढे काढतो.

बॅटरी

लिपोचा (ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा) प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, ठेवायचा तर ३.८ च्या आसपास. टक्केवारीवर आंधळा विश्वास ठेवू नका, सेलचा व्होल्टेज बघा, आणि सगळे सेल एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा, एकच सेल मागे पडत असेल तर ती बॅटरी पार्सलच्या कामातून काढा. जमिनीवर टेकताना ३० टक्के उरलीच पाहिजे असा हिशोब धरायचा. हे ३० टक्के तुमचे नाहीत, ते अचानक वारा वाढला, उतरायच्या जागेवर म्हैस उभी आहे, परत फिरावं लागलं, यासाठी आहेत.

कंपनीने दिलेला उड्डाणाचा वेळ बहुतेक वेळा रिकाम्या ड्रोनचा असतो. तुमच्या वजनाला, तुमच्या हवेत किती मिळतात ते तुम्हीच मोजा. तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी लावा, समोरच्या मैदानावर गोल गोल फिरवा, ३० टक्क्याला उतरवा, घड्याळ बघा. असं तीनदा. जो सगळ्यात कमी आकडा येईल तो खरा.

फुगलेली, पडलेली, उबदार लागणारी बॅटरी चार्जिंगला लावू नका. उड्डाणानंतर लगेचही नाही, गार होऊ द्या. चार्जिंग चालू ठेवून जेवायला जाऊ नका आणि पीएचसीच्या औषधाच्या खोलीत तर मुळीच चार्ज करू नका. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा.

पार्सल बांधताना

वजनकाट्यावर ठेवा, डोळ्याने अंदाज नको. डॉक्टर म्हणतात "जास्त नाहीये", आणि त्यात सलाईनच्या चार बाटल्या असतात, म्हणजे दोन किलोच्या वर. मग बॉक्स ड्रोनच्या बरोबर मधोमध आणि पोटाशी घट्ट, दोरीला लोंबता नाही. लोंबतं पार्सल झोके घेतं, ड्रोन ते सावरायला तिरका होतो, त्याने झोका वाढतो, आणि बॅटरी त्यात जाते ती वेगळीच. आत बाटल्या हलत असतील तर कागद ठासा. बॉक्स लावल्यावर ड्रोन उचलून, मोटर बंद ठेवून, हाताने हलवून बघा. काही खुळखुळलं तर पुन्हा उघडा.

लसीचा डबा असेल तर २ ते ८ अंश हे सगळ्यांना माहीत असतं, पण गोठण्याची भीती कमी जणांना असते. पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी गोठल्या की गेल्या. फ्रीजरमधून काढलेला आइस पॅक थेट लावू नका, बाहेर ठेवा, घाम येऊ द्या, कानाशी हलवून आत पाणी वाजलं की मग लावा. हे सिस्टरांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं, डबा त्यांनाच भरू द्या आणि घाई करू नका. रक्ताचे सॅम्पल असतील तर ट्यूब, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस, मग न गळणारा दुसरा डबा, मग बाहेरचा बॉक्स. ड्रोन पडला तरी रक्त कुणाच्या हाताला लागता कामा नये.

स्पिरिटची बाटली, सॅनिटायझर, सुट्या लिथियम बॅटऱ्या, छोटा ऑक्सिजन सिलिंडर हे "सोबत जाऊ दे" म्हणून कुणी बॉक्समधे सरकवतं. हे धोकादायक सामानात येतं, त्याचे नियम वेगळे आहेत. बॉक्स बंद करताना पायलट हजर पाहिजे, आणि बंद झाल्यावर सील.

सर्पदंशाच्या लसीचं (म्हणजे अँटीव्हेनम, विषावरचा उतारा) मला खास सांगायचंय कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात. ती लस पाड्यावर नेऊन काही उपयोग नाही, उलट धोका आहे. ती शिरेतून द्यावी लागते, तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, तेव्हा डॉक्टर आणि अ‍ॅड्रेनलिन जवळ लागतं. म्हणून पेशंटला १०८ ने किंवा मिळेल त्या गाडीने निघू द्या, लस जिथे डॉक्टर आहे त्या केंद्रावर पाठवा. ड्रोन येतोय म्हणून पेशंटला घरी थांबवून ठेवणं कधीही करू नका. आणि जीवाशी संबंधित कुठलंही पार्सल असेल तर ड्रोन उडवतानाच दुसरीकडून बाइकवालाही रवाना करा, ड्रोन पोचल्याचा फोन आला की त्याला मागे बोलवा. पेट्रोल गेलं तर गेलं.

पलीकडची बाजू

पायलट आपल्याकडच्या टेकऑफवर अर्धा तास घालवतात आणि पलीकडे कोण उभं आहे ते विचारतही नाहीत. पण माणसं जवळ येतात ती तिकडे. तिकडे एक ठरलेला माणूस हवा, बहुतेक आशाताई किंवा शाळेचे गुरुजी, आणि त्यांना तुम्ही प्रत्यक्ष जाऊन, खरा ड्रोन दाखवून शिकवलेलं हवं. फोनवर शिकवून जमत नाही.

जागा मोकळी, सपाट, चारी बाजूंनी कमीत कमी १५-२० मीटर काही नको. खळं सपाट असतं म्हणून लोक खळं सुचवतात, पण तिथे पेंढा असतो, तो उडून प्रॉपमधे जातो. झाडून घ्या किंवा पाणी मारा. ताडपत्री अंथरायची तर चारी कडांना चांगले जड दगड, नाहीतर ताडपत्रीच उडून ड्रोनला गुंडाळते. दोरी लावून रिंगण करा आणि पोरांना रिंगणाबाहेर बसवा, उभं नाही, बसवा. बसलेलं पोर पळत यायच्या आधी उठतं, तेवढा वेळ मिळतो. कुत्री बांधून ठेवायला सांगा. ताईंना सांगा की पदर खोचून घ्या, ओढणी असेल तर बांधा.

मग खूण ठरवा, कारण पाड्यावर रेंज असेलच असं नाही. आमची खूण साधी आहे, जागा मोकळी असेल तर ताडपत्रीवर काही नाही, आणि काहीही गडबड असेल, माणूस, जनावर, वारा, तर तिच्यावर लाल कापड टाकायचं. कॅमेऱ्यात लाल दिसलं की आम्ही उतरत नाही, विचारत नाही, वर जातो आणि परत येतो. यासाठी ताईंना कधी जाब विचारायचा नाही, उगाच टाकलं असेल तरी. एकदा जाब विचारला की पुढच्या वेळी त्या टाकणार नाहीत.

उतरल्यावर प्रॉप पूर्ण थांबेपर्यंत, आणि थांबल्यावर मनात वीसपर्यंत मोजेपर्यंत कुणीही पुढे जायचं नाही. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने जायचं, वरच्या बाजूने गेलं तर प्रॉप चेहऱ्याच्या पातळीला येतं. हवेत उभ्या ड्रोनमधून हाताने पार्सल काढून घेणं आम्ही कुणालाही करू देत नाही, स्वतःही करत नाही. उतरायला जागाच नसेल तर दोरीने सोडायची सोय असलेला ड्रोन वापरा, पण दोरी अडकली तर वरून तोडता येते का ते आधी जमिनीवर तपासा, आणि दोरी कुणी हाताला गुंडाळून धरायची नाही.

एक गोष्ट जी नियमात शोधायला जाऊ नये, मनातच असावी. वाटेवर नदी आहे, तिथे बाया कपडे धुतात, अंघोळी करतात. कॅमेरा समोर ठेवा, रेकॉर्डिंगची गरज नसेल तिथे बंद ठेवा, आणि शक्य असेल तर घाट टाळून जा. ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडे बसून हे सांगा की आम्ही काय बघतो आणि काय बघत नाही. एकदा गावाला खात्री पटली की ड्रोन मधे कुठे उतरला तरी लोक राखण करतात, फोन करतात. ड्रोनवर मराठीत ठळक लिहून ठेवा, हात लावू नका, बॅटरी आहे, या नंबरला फोन करा.

हवेत काही बिनसलं तर

घार मागे लागली तर खाली पळू नका, ती वरूनच झडप घालते, सरळ वर चढा आणि तिच्या घरट्यापासून लांब निघा. जीपीएसचे सॅटेलाइट कमी होऊ लागले किंवा होकायंत्राची वॉर्निंग आली तर पुढे जाऊ नका, हातात कंट्रोल घेऊन परत फिरा. होकायंत्र कॅलिब्रेट करताना गाडी, लोखंडी गेट, सळया घातलेला सिमेंटचा ओटा यांच्यापासून लांब उभे राहा, पीएचसीच्या गच्चीवर ते कधीच नीट होत नाही. पाऊस आला तर जवळच्या ठरवलेल्या जागी उतरवा. अशा जागा दर दोन किलोमीटरवर एक आधीच बघून, जमीनमालकाशी बोलून ठेवायच्या. आणि बॅटरी घरापर्यंत पुरणार नाही असं एकदा मनात आलं की घासाघीस करू नका, ३० टक्क्याला शांतपणे निवडलेल्या शेतात उतरवणं आणि ८ टक्क्याला मिळेल तिथे कोसळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी एकदा भाताच्या कापलेल्या शेतात उतरवला आणि चार किलोमीटर चालत जाऊन आणला. पार्सल दोन तास उशिरा पोचलं. शेतकऱ्याने पाणी पाजलं.

अपघात झालाच तर आधी माणसं, मग बॅटरी पेंढ्यापासून लांब करणं, मग फोटो, मग विमा. डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) ४८ तासांत कळवावं लागतं. लपवू नका.

नाही म्हणायची वेळ ठरवून घ्या. आमच्याकडे फोन आल्यापासून दहा मिनिटांत हो किंवा नाही सांगायचं असतं. अर्धा तास ढगाकडे बघत थांबून मग नाही म्हटलं तर त्या अर्ध्या तासात बाइक निम्म्या वाटेवर पोचली असती. जून ते सप्टेंबर गरज सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात वाईट, तेव्हा आमचं उत्तर बरेचदा नाहीच असतं.

परत आल्यावर वही काढा. उतरताना किती व्होल्ट, किती मिनिटं, वारा किती आणि कुठून, डब्यातल्या थर्मामीटरवर तिकडे पोचल्यावर किती अंश होते (हे ताईंना विचारून). चारही मोटरना हात लावून बघा, एक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिचं बेअरिंग किंवा प्रॉप बघा. प्रॉपच्या कडेवरून नख फिरवा, नख अडकलं तर प्रॉप बदला, चिकटवू नका. बॅटरी गार झाली की ३.८ वर आणून ठेवा, आणि आरटीएचची उंची शून्य करून वहीत कोरी जागा सोडा, उद्याची जागा वेगळी आहे.